भोजलीचं नाव

रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीतून एकटीनं गाडी हाकत बस्तरातल्या चित्रकोटला जाऊन, धबधब्याशेजारी तंबू ठोकून राहून आलेली बाई मीच पहिली असेन. गाडी म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, जुनी फियाट. तिची मागची एक काच सुतळीनं वर बांधून ठेवावी लागायची. अजूनही लग्नाकार्यात कोणी ना कोणी कौतुकानं विचारतं, "एकटी गेलती म्हणे? भेव नाही वाटलं?" मी हसून विषय बदलते. काय सांगू, बाप्पा! एकटीनं जायचं ठरलंच नव्हतं. दोघींनी जायचं होतं, आणि ते ठरवून पंचवीस-तीस वर्षं झाली होती. दुसरी आली नाही. का आली नाही, ते मला रस्त्यात एकेका थांब्यावर कळत गेलं.

ती दुसरी म्हणजे माझी भोजली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. भोजली झाल्यापासून दोनदा घेतलं, तेवढं पुरे झालं.

रायपूरबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. श्रावणात छत्तीसगडातल्या मुली टोपलीत गहू पेरतात आणि घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवतात. त्याचे पिवळसर कोंब म्हणजे भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन गात गात तळ्यावर जायचं आणि त्या शिरवायच्या, म्हणजे पाण्यात सोडायच्या. मग ज्या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही, त्या ते कोंब एकमेकींच्या कानावर खोवतात. झालं! त्या क्षणापासून दोघी एकमेकींच्या भोजली, त्या थेट मरेपर्यंत. हाक मारायची ती 'भोजली' म्हणूनच. नाव घ्यायचं नाही. चुकून तोंडातून गेलंच तर नारळ द्यायचा. एकीची आई ती दुसरीची फूलदाई. सख्ख्या बहिणी भांडून वर्षवर्ष तोंड बघत नाहीत, भोजलीला ती सोय नसते.

तसं पाहिलं तर हे आमच्या लोकांचं कामच नव्हे. आम्ही दोघी मराठी. ती पुरानी बस्तीतली, भोसल्यांच्या काळापासून इथे रुजलेल्या घरातली; मी रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून आलेल्या बापाची पोर. आमच्या घरी भुलाबाईची गाणी, मंगळागौर. मी कानावर गव्हाचे कोंब खोवून घरी आले तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. "काहून वं हे? पोरखेळ वाटला काय तुले? निभवावं लागते हे!" मी म्हटलं, निभवीन. निभवलंही, माझ्या बाजूनं.

तिच्या घरात मात्र कोणाला काही वावगं वाटलं नाही. ते घर बोलायला मराठी, बाकी सगळं छत्तीसगडी. कोणी पाहुणा आला की चहापाण्याच्या आधी काशाचा भरलेला लोटा त्याच्यापुढे ठेवायचा, ही इथली रीत त्या घरात फार कडक. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यापुढेही ठेवला होता. पण तळ्यावरून परत आलो त्या दिवशी मी सवयीनं ओसरीत थांबले, तर तिची आई म्हणाली, "आता काय पाहुणी आहेस काय वं पोट्टे? माठ तिकडे आहे. घे जाऊन." त्या दिवसापासून ती माझी फूलदाई, आणि माठ माझा.

त्याच संध्याकाळी तिच्या स्वैपाकघरात बसून आम्ही चित्रकोटचं ठरवलं. शाळेच्या पुस्तकात त्या धबधब्याचं चित्र होतं. शिवाय माझे दादा तेव्हा रायपूर-धमतरीच्या छोट्या रेल्वेवर गार्ड होते. रोज घरी आले की त्या रस्त्यावरची काही ना काही गंमत सांगायचे, आणि धमतरीच्या पुढचं, जिथे रूळ संपतात तिथलं, प्रवाशांकडून ऐकलेलं सांगायचे. आम्ही दोघी ती गावं पाढ्यासारखी म्हणायचो: अभनपूर, धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव. सडकेनं जायचं, वाटेतल्या सगळ्या गमती पाहत जायचं, तंबू लावून राहायचं. दोघींनीच, तिसरं कोणी नाही. फूलदाई भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "जासान तर संगंच जाजा. एकीनं दुसरीले टाकून जाऊ नये." आम्ही तिच्या गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली.

मग काय? तिचं लग्न झालं, माझं झालं नाही. तिला लेकरं झाली, मी शाळेत चित्रकलेची बाई झाले. तिचा नवरा ठेकेदार. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि ठेकेदारांचं नशीब फळफळलं. भोपाळहून साहेबलोक आले, त्यांच्या बायका आल्या, कालपर्यंत चिखल होता तिथे बंगले उठले. भोजली पुरानी बस्तीतून उठून त्यातल्याच एका बंगल्यात गेली. तिच्या किटी पार्ट्या सुरू झाल्या. माझ्याशी जन्मभर मराठीत बोललेली ती फोनवर मला हिंदीत उत्तरं द्यायला लागली. "अरे, बाद में बात करती हूँ ना." मी स्वतःची समजूत घालायची, तिच्या शेजारी कोणी बसलं असेल.

राज्य होऊन तीन हिवाळे झाले आणि एक दिवस मीच हट्टाला पेटले. चाळिशी आली, आता नाही तर कधी? नाताळच्या सुट्ट्या होत्या, शाळेच्या स्काउटचा तंबू मागून आणला, फियाटचं सगळं काम करून घेतलं. ती "हव, हव" करत राहिली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "भोजली, यांचे पाहुणे येऊन राहिले एकदम. तू निघ. मी उद्या सोडून परवा ड्रायव्हरले घेऊन सरळ चित्रकोटलेच येतो. तंबू तू लावजो, भात मी टाकीन." कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी मराठीत बोलत होती. मी त्यातच विरघळले. आई म्हणत होती, बस्तरात एकटी बाई, डोकं फिरलं काय? दादांनी मात्र केशकालच्या घाटातल्या तेलिन मातेसाठी नारळ दिला आणि म्हणाले, "जाऊ दे तिले. परवा दोघी होतील."

पहिला थांबा अभनपूर. फाटकाजवळ एक चहावाला होता, त्याच्या छपराला खालून छत्र्याच छत्र्या टांगलेल्या. छोट्या रेल्वेत लोक विसरून जायचे त्या छत्र्या गार्ड त्याच्याकडे ठेवायला देत. खूण पटवा आणि घेऊन जा, असा त्याचा नेम. आमचीही एक तिथे होती. राजिमच्या जत्रेहून येताना आम्ही दोघींनी गाडीत विसरलेली पिवळी छत्री, एक काडी मोडलेली, मुठीवर दाताचे व्रण. भोजलीला मूठ चावायची खोड होती. दादा तेव्हाच आणून देत होते. आम्हीच म्हटलं, नको, चित्रकोटला जाऊ तेव्हा दोघी मिळून सोडवू.

मी चहा घेतला आणि मोठ्या ऐटीत खूण सांगितली. म्हातारा झालेला चहावाला वर न बघताच म्हणाला, "पीला छाता? वो तो गया, दीदी. देवारी के टाइम एक मैडम ले गई. दाँत का निशान भी बताया."

दिवाळीत! पण सांगते ना, माणूस ज्याच्यावर जीव टाकतो त्याच्यासाठी वकीलपत्र घेऊनच बसलेला असतो. मी तिथल्या तिथे हिशेब जुळवून टाकला: ही कधीतरी इकडून गेली असेल, आणि मला चकित करायचं म्हणून छत्री सोडवून ठेवली असेल. चित्रकोटला येईल ती पिवळी छत्री उघडूनच येईल, बदमाश! मी खुळी, खूश झाले. म्हाताऱ्याकडून भजी बांधून घेतली आणि निघाले.

धमतरीच्या अलीकडे टायर बसलं. पंक्चरवाल्याच्या दारात धानाची पोती तोलायचा मोठा काटा टांगलेला, आणि त्याची अट अशी की काम होईपर्यंत गिऱ्हाईकानं काट्यावर बसायचं. पैसे नाही, काही नाही, शौक! मी नाही म्हटलं तर पाना खाली ठेवून बसला. शेवटी बसले बाप्पा त्या तागडीत, साडी आवरत. त्यानं वजन पाहिलं आणि सडकेपलीकडच्या पानठेलेवाल्याला ओरडून सांगितलं. पानठेलेवाल्यानं तिकडून "वा!" केलं. लाजेनं मेल्यासारखं झालं आणि हसूही आवरेना. भोजलीला इथे बसवायचंच, असं मी ठरवलं. ती वजनाला फार भ्यायची. दिवसभर मी असंच करत होते. जे दिसेल ते तिला सांगण्यासाठी बाजूला ठेवत होते.

त्या संध्याकाळी कांकेरच्या बाहेर एका पेट्रोलपंपामागच्या आंब्यांखाली तंबू लावला. पंपवाल्याची बायको पळसाच्या पानात भाजलेली जाड अंगाकर रोटी घेऊन आली आणि तंबूत डोकावून म्हणाली, "एकझन?" मी म्हटलं, "दो." तिनं आणखी एक रोटी आणून दिली. पंपावरून भोजलीला फोन लावला, तर नोकर म्हणाला, मैडम पार्टी में गई हैं. पाहुण्यांना घेऊन गेली असेल, म्हटलं. वकीलपत्र चालूच होतं माझं.

दुसऱ्या दिवशी केशकालचा घाट. फियाट दमली, पाणी उकळलं, गाडी थंड होईपर्यंत तेलिन मातेला दादांचा नारळ फोडला. घाट चढून वर आलं की वळणावर एक बाई बोरं, चिंच, भाजलेले चणे घेऊन बसलेली. तिच्याजवळ खाटेवर टेकले. केशकालची गंमत मला माझ्या एका विद्यार्थिनीनं सांगितली होती: इथे वर्षातून एकदा देवांचा न्याय होतो. गावोगावचे देव देवीपुढे उभे करतात. पाऊस पाडला नाही, रोगराई थांबवली नाही, नवसाला पावला नाही, अशी फिर्याद गावकरी मांडतात. गुन्हा शाबीत झाला तर तो देव परत घरी न्यायचा नाही, तिथेच टाकून यायचा. हे ऐकलं तेव्हा मी धावत जाऊन भोजलीला सांगितलं होतं. दोघी किती हसलो होतो!

मी त्या बाईला विचारलं, ती न्यायाची जागा कुठे? तर ती म्हणाली, "तहूँ जाबे का? तुमन जैसी मैडम लोग आई थीं देवारी के बाद. दो ठन सफेद गाड़ी." मग तिला बोलायला चेवच आला. दहा-बारा बाया होत्या, सगळ्या रायपूरच्या, साहेबांच्या. सीताफळाच्या टोपल्याच उचलल्या त्यांनी. त्यांची एक पुढारीण होती, तिला सगळं आधीच ठाऊक. देवांच्या कोर्टाची गोष्ट तिनंच बाकीच्यांना सांगितली. आणि तिच्याकडे एक जुनी पिवळी छत्री होती, ती उघडून एकेकीनं फोटो काढले. "बोलत रही, ओखर बाबूजी छोटी रेल के गार्ड रहिस. ओही ला सब पता हे."

मी हातातली बोरं खाली ठेवली.

तिचा बाप कापडाचा दुकानदार होता. सज्जन माणूस, माझ्या फ्रॉकचं कापडही त्यानंच दिलेलं. पण गार्ड माझे दादा होते. हिरवी झेंडी धरून धरून ज्यांच्या बोटाला घट्टे पडले, घरी येऊन पाय शेकत आम्हा दोघींना मांडीशी बसवून ज्यांनी त्या गोष्टी सांगितल्या, ते माझे दादा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अवं, छत्री नेलीस, ने. रस्ता नेलास, जाऊ दे. बापही नेलास? त्या लिपस्टिकवाल्या बायांना दाखवायला तुला माझा बाप लागला, आणि मी नको झाले?

ती बाई घाबरून पाणी देऊ लागली. मी चक्क रडत होते, सडकेवर, ट्रक ड्रायव्हरांसमोर.

परत फिरावं असं वाटलं. पण फिरले नाही. का, तर तिनं त्या संध्याकाळी यायचं कबूल केलं होतं. मी मनाशी म्हटलं, येऊ दे. येईल आणि स्वतःच्या तोंडानं सांगेल, चुकलं भोजली, मोठेपणा करायला गेले. मी चार शिव्या घालीन, तिला काट्यावर बसवीन आणि सोडून देईन. खरंच सोडून दिलं असतं. तेवढं एक तिनं करायला हवं होतं. यायला हवं होतं.

कोंडागाव कसं गेलं आठवत नाही. मातीचे हत्ती सडकेच्या कडेनं मांडलेले होते, एवढंच. ऊन उतरायच्या आत चित्रकोटला पोचले. तिथल्या नावाड्यानं तंबू लावायला मदत केली. जागाही त्यानंच दाखवली, "मैडम लोग यहीं लगाए थे." तिथे चुलीचे तीन दगड काळे झालेले पडले होते. मी ते उचलून पाण्यात फेकले आणि नवे मांडले. नावाडी बघत राहिला.

मी तांदूळ धुऊन ठेवले. भात तिनं टाकायचा होता. सडकेवर धूळ उडाली की उठून उभी राहायचे. एक जीप आली, जगदलपूरच्या कॉलेजची पोरं उतरली. एक ट्रॅक्टर आला. सूर्य इंद्रावतीच्या पलीकडे गेला, पाणी तांबडं झालं, मग काळं झालं. मी चूल पेटवली आणि भात मीच टाकला. दोघींचा भिजवला होता, तेवढा सगळा शिजवला. निम्मा नावाड्याला दिला.

धबधबा म्हणाल तर फार सुंदर आहे. लोक सांगतात. मी त्याच्या शेजारी रात्रभर झोपले, पहाटे उठून त्याच्यासमोर उभी राहिले, आणि मला तो काही केल्या दिसला नाही. डोळ्यांपुढे त्या छत्रीखाली फोटो काढणाऱ्या बाया. याचा राग मला अजून आहे. आयुष्यात एकदाच गेले, आणि तिनं मला तो पाहूही दिला नाही.

येताना कुठेच थांबले नाही. पंक्चरवाल्यानं हात केला, मी हॉर्न वाजवला आणि पुढे गेले. कांकेरला त्याच पंपावर अंग टाकायला मिळालं तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी रायपुरात शिरले आणि गाडी घरी न नेता सरळ पुरानी बस्तीकडे वळवली. तिच्या बंगल्यावर नाही. तिथे नोकर दार उघडतात. मला फूलदाईपुढे बसून रडायचं होतं. आमची शपथ तिनं ऐकली होती, तिच्या गळ्यावर हात ठेवून घेतली होती. दुसऱ्या कोणाकडे जाणार?

फूलदाई अंगणात खाटेवर कोहळ्याच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालत बसलेली. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "आली काय वं? ती कुठी आहे? गाडी लावून राहिली काय?" मी तोंड उघडायच्या आतच ती सुरू झाली. "किती काळी पडली तू! दिवाळीत गेल्या तवा तरी थंडी नव्हती. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा! आता संसार पाहा म्हणा जरा."

मी म्हटलं, "दिवाळीत?"

"नाही तं काय? फराळाचं अर्धं टाकून पळाल्या ना दोघी. मी तं जाऊच देत नव्हती तिले. म्हणे, आई, भोजलीसंगंच जाऊन राहिली, आमचं लहानपणचं ठरलं आहे. मग म्या म्हटलं, जा माय. भोजलीसंगं जाते तं कशाला नाही म्हणू? शपथ होती ना तुमची." आणि तिनं हातानं ओसरीकडे दाखवलं. खुंटीला पिवळी छत्री टांगलेली होती. "तुम्ही दोघींनी सोडवून आणली ना ही? मले म्हणे, भोजलीनंच पाठवली तुझ्यासाठी."

मला वाटलं होतं, केशकालला जे कळलं त्यापेक्षा वाईट काही नसेल. पण तिनं मला टाकून जाताना मलाच सोबत नेलं होतं. माझ्या शपथेवर ती घरातून निघाली होती. आईला खोटं सांगायला तिला दुसरं कोणाचं नाव पुरलं नसतं, ते माझंच लागलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. तीच. धावत आलेली, छातीचा भाता वरखाली. मी आज परतणार आणि आधी इकडेच येणार, हे तिला माहीत होतं. एवढं तरी ती मला ओळखत होती. अंगावर इस्त्रीची साडी, केस नुकतेच धुतलेले. क्षणभर तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हसली.

"गाडी लावून येऊनच राहिली होती मी. कशी पुढं पळाली पाहा ही!" ती येऊन माझ्या शेजारी बसली. माझा हात धरला, आणि दाबला. आम्ही शाळेत असताना एकीनं थाप मारली की दुसरीनं ती सांभाळून घ्यावी म्हणून असाच हात दाबायचो. "सांग ना वं भोजली, आईले. किती मजा आली आपल्याले. सांग."

फूलदाई पीठ लागलेले हात तसेच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, गोष्ट ऐकायला.

मी सांगू शकले असते. पंक्चरवाल्याचा काटा, अंगाकर रोटी, सगळं होतं माझ्याजवळ, तिच्यासाठीच ठेवलेलं. एवढं बोलले असते तर सगळं पूर्वीसारखं राहिलं असतं, बाहेरून तरी. ती मला तेच मागत होती, की आणखी एकदा सांभाळून घे. मी तिचा हात माझ्या हातावरून काढला आणि तिचं नाव घेतलं.

फूलदाई हसलीच. "अवं, जीभ घसरली काय? नारळ लागते आता! उन्हानं डोकं फिरलं पोट्टीचं."

मी पुन्हा घेतलं. सावकाश, स्पष्ट, सासरच्या आडनावासकट.

मग कोणी हसलं नाही. फूलदाईनं लेकीकडे पाहिलं, तिच्या इस्त्रीच्या साडीकडे, स्वच्छ टाचांकडे. मग माझ्या पायांकडे; त्यांवर बस्तरची तांबडी धूळ घोट्यापर्यंत बसलेली होती. मग खुंटीवरच्या छत्रीकडे. मला एक शब्द सांगावा लागला नाही. ती खाटेचा आधार घेत उठली आणि आत गेली.

ती आत जाताच लेक माझ्यावर फिस्कारली. "काय मिळवलं तू? कसं नेणार होती मी तुले? कलेक्टरच्या, इंजिनीअरच्या बाया त्या. आन् तुझी ती सुतळीची गाडी, तुझं ते गार्डाचं घर. तू बसली असती काय त्यांच्यात?"

त्या गार्डाच्या घराच्याच गोष्टी तिनं त्या बायांना वाटल्या होत्या, हे मी म्हटलं नाही. रडू येईल वाटलं होतं, तेही आलं नाही. मी फूलदाईची वाट बघत होते. वाटलं, आत रडत असेल. बाहेर येईल, मला जवळ घेईल, लेकीला चार शब्द सुनावेल. माझी बाजू खरी होती. तिला ती कळलीही होती.

ती बाहेर आली. हात स्वच्छ धुतलेले, पदर डोक्यावर. तिनं लेकीकडे पाहिलं नाही. माझ्यापर्यंत आली, वाकली, आणि काशाचा पाण्यानं भरलेला लोटा माझ्यापुढे ठेवला.

माठ तिथेच होता, ओसरीच्या कोपऱ्यात, माझ्यापासून चार पावलांवर. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग लोटा उचलून पाणी प्याले.